कुलाब्याहून कुलाब्याला : अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची वाटचाल

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत मोजणीला उभा राहणारा माणूस सगळ्यात आधी खिसे रिकामे करतो. किल्ल्या, मोबाइल, पेन, पट्ट्याचं बक्कल, मनगटावरचं घड्याळ, सगळं बाहेर ठेवायचं. चष्म्याच्या काडीत पोलादी स्क्रू असेल, तर तो चष्माही चालत नाही. मगच दगडी खांबापाशी जायचं. खांबावर थिओडोलाइट बसवलेला असतो. जमीन मोजणाऱ्यांकडे असतो त्याच जातीचा, पण लोखंडाचा अंशही नसलेला. त्याच्या दुर्बिणीवर एक छोटा संवेदक असतो. दुर्बीण अगदी सावकाश फिरवत आकडा शून्यावर आणायचा, कोन वाचायचा, दुर्बीण उलटी करून पुन्हा वाचायचा. असं चारही बाजूंनी करून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र या घडीला नेमकं कुठल्या दिशेला आहे आणि किती कललेलं आहे, ते ठरवायचं.

एवढा सोवळेपणा कशासाठी? पृथ्वीचं चुंबकत्व फार हलकं आहे. फ्रिजच्या दाराला चिठ्ठी चिकटवायला आपण जे चुंबक लावतो, त्याच्या साधारण शंभराव्या हिश्शाएवढं. अलिबागला त्याचं जोरमान चाळीस हजार नॅनोटेस्लांच्या थोडं वर आहे आणि वेधशाळेला त्यातला एकेक नॅनोटेस्लाचा फरक टिपायचा असतो. खिशातली किल्लीही तिथे खोटी साक्ष देऊ शकते.

ही मोजणी अलिबागला १९०४ पासून चालू आहे. त्याआधी ती मुंबईत, कुलाब्याला होत होती. दोन्हीकडची मिळून ही नोंद पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाची भरते. जगात इतक्या लांब पल्ल्याच्या चुंबकीय नोंदी फार थोड्या आहेत. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरची ही ठेव पर्यटकांच्या यादीत कुठेच नसते, आणि अलिबागमध्ये वाढलेल्या पुष्कळांनाही तिची ओळख नसते. म्हणून ही वाटचाल सविस्तर सांगावीशी वाटते.

नागावचा मुलगा

ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईच्या कुलाब्याला वेधशाळा बांधली ती १८२६ साली. हेतू व्यवहाराचा होता. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ हवी होती. वेळ चुकली की भर समुद्रात रेखांश चुकतो, आणि रेखांश चुकला की जहाज खडकावर जातं. त्यासाठी ताऱ्यांचे वेध घेणारी जागा हवी होती.

चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या त्या १८४१ मध्ये. त्या काळात युरोपात पृथ्वीचं चुंबकत्व जगभर एकाच पद्धतीने मोजण्याची मोठी चळवळ उभी राहिली होती. शास्त्रज्ञ हुम्बोल्ट यांची प्रेरणा होती, गॉस आणि वेबर या शास्त्रज्ञांनी गॉटिंगेनमध्ये पद्धत घालून दिली होती, आणि ब्रिटिशांनी आपल्या वसाहतींत वेधशाळांची साखळी उभारली होती. कंपनीच्या मुलखातही तिची ठाणी उभी राहिली. त्यांपैकी सिमला आणि सिंगापूरच्या वेधशाळा चारेक वर्षांतच बंद पडल्या. मुंबईची मात्र टिकली.

एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक ऑर्लिबार तेव्हा या कामाचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली काम करायला जो मराठी तरुण आला, तो अलिबागजवळच्या नागावचा. पुढे सारा महाराष्ट्र ज्यांना केरूनाना म्हणून ओळखू लागला, ते केरो लक्ष्मण छत्रे. जन्म १८२४ चा. ‘बाळमित्र’कार सदाशिव काशीनाथ छत्रे हे त्यांचे चुलते. त्यांनीच या पोरक्या पुतण्याला मुंबईत आणून वाढवलं, शिकवलं. विशीच्या आतला हा मुलगा कुलाब्याच्या वेधशाळेत हवामानाच्या आणि लोहचुंबकाच्या नोंदी घेऊ लागला, आणि दहाएक वर्षं त्याने ते काम केलं.

तेव्हाची नोंद डोळ्यांनी घ्यायची असे. बारीक धाग्याला टांगलेला चुंबक, त्याला चिकटवलेला इवलासा आरसा, समोर मोजपट्टी आणि दुर्बीण. चुंबक केसभर वळला की आरशात दिसणारा मोजपट्टीवरचा आकडा सरकायचा. तो आकडा वहीत उतरवायचा, तासातासाला, दिवसा आणि रात्रीही. पावसाळ्यात कुलाब्याच्या टोकाला वारा घोंगावत असताना दिव्याच्या उजेडात बसून आकडे लिहिणारी ही माणसं डोळ्यांपुढे आणली, की या संस्थेचा पाया कशावर उभा आहे ते कळतं. केरूनाना पुढे पुण्यात गणिताचे आणि भौतिकाचे थोर शिक्षक झाले. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. पंचांगातली ग्रहांची स्थानं आकाशाशी जुळली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह महाराष्ट्राला ठाऊक आहे. तो आग्रह धरणाऱ्या माणसाने उमेदीची वर्षं प्रत्यक्ष वेध घेण्यात घालवली होती, हे लक्षात घेतलं पाहिजे.

२ सप्टेंबर १८५९

१ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन हे इंग्लंडमधले निरीक्षक सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होते. अचानक डागांच्या एका समूहावर लखलखीत प्रकाश उजळला आणि पाचेक मिनिटांत विझला. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीभर चुंबकीय वादळ उसळलं. एरवी ध्रुवांकडच्या देशांतच दिसणारा आकाशातला रंगीत प्रकाश, अरोरा, क्यूबा-हवाईपर्यंत दिसला. अमेरिकेत आणि युरोपात तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. काही ठिकाणी बॅटऱ्या काढून टाकल्या तरी तारा जात राहिल्या, कारण पृथ्वीनेच तारेत वीज भरली होती.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याच्या निरीक्षकांना मोजपट्टीवरचा आकडा भराभर उतरताना दिसला. वादळात नेहमीच्या तासाच्या नोंदीवर भागत नाही, म्हणून त्यांनी काही मिनिटांच्या अंतराने वाचन सुरू ठेवलं. क्षैतिज जोर सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांनी कोसळला. एरवीच्या दिवशी हा फरक चाळीस-पन्नासाच्या घरात असतो, आणि आज तीनशेचं वादळ झालं तरी जगभर बातमी होते. युरोपातल्या काही वेधशाळांत छायाचित्रणाने आपोआप नोंद होत होती. तिथे प्रकाशाचा ठिपका कागदाच्या बाहेर निघून गेला. कुलाब्याला माणूस बसला होता आणि त्याने आकडे लिहिले.

त्या माणसाला आपण काय लिहितोय याची कल्पना नव्हती. सूर्यावरून निघालेला भारित कणांचा ढग पृथ्वीवर आदळतो, हे कळायला अजून कितीतरी दशकं जायची होती. वह्या कपाटात गेल्या. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी याच आकड्यांच्या आधारे त्या वादळाचं मोजमाप मांडलं. असं वादळ आज आलं तर उपग्रह, विजेची जाळी, दिशादर्शन यांचं काय होईल, याचा हिशेब जगभर केला जातो, तेव्हा कुलाब्याची ती नोंद पुढ्यात असते. लिहिणं आणि उमगणं यांत १४४ वर्षांचं अंतर पडलं.

एकच जमीन

वेधशाळेचे प्रमुख चार्ल्स चेंबर्स यांच्या कारकिर्दीत, १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला, कुलाब्यालाही छायाचित्रणाने नोंद घेणारी यंत्रं आली. दरम्यान वेधशाळेच्या भोवतालची मुंबई विजेची होऊ लागली होती.

आधी तार आली, १८५० च्या दशकात. मग टेलिफोन. टेलिफोनची कथा सरकारी धोरण म्हणून वाचण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या कंपन्यांनी १८८० मध्ये हिंदुस्थानात टेलिफोन केंद्रं काढायची परवानगी मागितली, तेव्हा सरकारने आधी नकार दिला. टेलिफोन हा तारेचाच प्रकार, तार ही सरकारची मक्तेदारी, तेव्हा हे काम सरकारच करील, असं म्हणणं पडलं. पुढच्याच वर्षी सरकारने भूमिका बदलली आणि ओरिएंटल टेलिफोन कंपनीला परवाना दिला. २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथली केंद्रं सुरू झाल्याची घोषणा झाली. १८८५ च्या तार कायद्याने तारेच्या व्याख्येतच टेलिफोन घालून टाकला. हक्क सरकारचा, कंपनी परवानाधारक, आणि खांब कुणाच्या जागेत रोवायचे, तारा कुठून न्यायच्या याचे अधिकार कायद्याने ठरलेले. पुढे १९४३ मध्ये सरकारने मुंबईची टेलिफोन कंपनी विकतच घेतली.

तिसरी ट्रॅम. मुंबईत ९ मे १८७४ पासून घोड्यांच्या ट्रॅम धावत होत्या. कुलाबा ते पायधुणी ही पहिल्या मार्गांपैकी एक. शतक संपता संपता त्या विजेवर चालवायची बोलणी सुरू झाली.

तार, टेलिफोन आणि ट्रॅम या तिघांमध्ये एक धागा होता : जमीन. विजेला जायला एक वाट लागते आणि परतायला दुसरी. तारखात्याने परतीची वाट म्हणून जमीन वापरली, म्हणजे एका तारेचा खर्च वाचला. सुरुवातीच्या टेलिफोननेही तेच केलं. विजेच्या ट्रॅमची वीज डोक्यावरच्या तारेतून यायची आणि रुळांतून परत जायची. पण रूळ जमिनीवर टेकलेले, त्यामुळे काही प्रवाह जमिनीत झिरपायचा आणि सापडेल त्या वाटेने वीजघराकडे पोचायचा. जिथे असे प्रवाह आले, तिथे जमिनीचा आधार घेणाऱ्या टेलिफोनमध्ये खरखर सुरू झाली आणि कंपन्यांना दुसरी तार टाकावी लागली. आणि जमिनीतून वाहणारी वीज म्हटली, की तिचं चुंबकीय क्षेत्र आलंच. ट्रॅम सुटली, थांबली, चढ चढली, की प्रवाह कमीजास्त होणार आणि वेधशाळेतला चुंबक थरथरणार. सूर्याची हाक आणि ट्रॅमचा धक्का मग एकाच कागदावर एकमेकांत मिसळून जाणार.

शहरात मैदान सांभाळायला नियम लागतात, कारण ते कुणा एकाचं नसतं. किल्ल्यापुढचं एस्प्लनेड इंग्रजांनी आधी तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं ठेवलं. हेतू लष्करी होता, तरी त्याच मोकळेपणाचे उरलेले तुकडे आज मुंबईकर मैदानं म्हणून वापरतात. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली, तीही सार्वजनिक जागा म्हणून राखली गेली म्हणूनच टिकली. जमिनीखालची चुंबकीय शांतता ही तशीच एक सार्वजनिक मोकळी जागा होती, फक्त डोळ्यांना न दिसणारी. तिच्यावर पहिला हक्क कुणाचा, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबई सरकारपुढे आला.

तो एकट्या मुंबईचा प्रश्न नव्हता. टोरंटोच्या वेधशाळेला ट्रॅमपायी १८९८ मध्ये अ‍ॅजिनकोर्टला जावं लागलं. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचं चुंबकीय काम १९०८ मध्ये स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूरला हललं. ग्रिनिचचं काम रेल्वेच्या विद्युतीकरणामुळे १९२० च्या दशकात अ‍ॅबिंजरला गेलं.

मूस यांचा आग्रह

मुंबईच्या वेधशाळेचे संचालक त्या वेळी नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस होते. जन्म १८५९ चा, म्हणजे त्या महावादळाच्याच वर्षीचा. मुंबई-पुण्यात आणि मग एडिंबरोला शिकलेला हा पारशी शास्त्रज्ञ चेंबर्स यांच्या निधनानंतर १८९६ मध्ये वेधशाळेचा पहिला भारतीय संचालक झाला.

ट्रॅमला वीज लागणार हे दिसल्यावर मूस यांनी शहराला विरोध केला नाही. मुंबईला ट्रॅम हवीच होती. त्यांनी गव्हर्नरांपुढे मागणी मांडली ती क्रमाची : आधी वेधशाळेसाठी मुंबईबाहेर शांत जागा शोधू द्या, तिथे यंत्रं लावू द्या, जुन्या आणि नव्या जागी काही काळ एकदमच नोंद घेऊ द्या, आणि तोवर विजेच्या ट्रॅमची परवानगी थांबवा. सरकारने ते मान्य केलं.

या निर्णयाचं मोल मला फार वाटतं. वसाहतीचं सरकार, नफ्याची वाट पाहणारी कंपनी, गर्दीने गुदमरणारं शहर. आणि एका बाजूला केवळ आकड्यांच्या वह्या. त्या वह्यांतून उद्या काय निघेल, ते मूस यांनाही सांगता आलं नसतं. तरी परवानगी थांबली. सरकारी नियमनाचा असा उपयोग आपल्याकडे क्वचित झाला असेल.

जागा ठरली अलिबागची. मुंबईच्या वेधशाळेपासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटर, म्हणजे नोंदींची जुन्याशी सांगड घालता येईल इतकं जवळ आणि शहराच्या विजेपासून सुटका होईल इतकं दूर. मधे बंदराचं पाणी. अलिबागला तेव्हा रेल्वे नव्हती. प्रवासी गाडी आजही तिथवर पोचलेली नाही. गावाचा हा अडलेपणा वेधशाळेला वरदान ठरला.

नावाचा योग तर विलक्षण. अलिबागच्या समुद्रात शिवाजी महाराजांनी उभारलेला कुलाबा किल्ला आहे, आणि त्यावरून साऱ्या जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. ते रायगड झालं १ जानेवारी १९८१ ला. म्हणजे वेधशाळा मुंबईच्या कुलाब्याहून निघाली आणि कुलाबा जिल्ह्यात उतरली. साठ वर्षांपूर्वी नागावचा एक मुलगा खाडी ओलांडून चुंबकाच्या नोंदी घ्यायला मुंबईला गेला होता. आता चुंबकच खाडी ओलांडून त्याच्या गावाशेजारी आले.

पोरबंदरचा दगड

इमारत बांधायची, पण कशाची? आपल्या भागातला काळा दगड म्हणजे लाव्हारसाचा बेसॉल्ट. त्यात लोहचुंबकी खनिज असतं. कोकणात सर्रास वापरला जातो तो जांभा तर लोहानेच तांबडा झालेला. दोन्ही बाद. म्हणून पोरबंदरचा फिकट, चुन्याच्या जातीचा दगड आणला. बिजागऱ्या, कड्या, खिळे तांब्या-पितळेचे केले. अलिबागचं घर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं लोखंड आणि लोहाचा दगड वगळून हे घर बांधलं गेलं.

दोन वास्तू उभ्या राहिल्या. एकीत प्रत्यक्ष मोजणी, म्हणजे सुरुवातीला सांगितली ती खांबावरची. दुसरीत अहोरात्र नोंद करणारी यंत्रं. या दुसऱ्या वास्तूची रचना खोलीत खोली अशी आहे. बाहेर अलिबागचं ऊन तापो किंवा पाऊस कोसळो, आतल्या खोलीच्या तापमानात फारसा फरक पडू नये, हा हेतू. तापमान बदललं की चुंबकाची ताकद आणि धाग्याचा पीळ बदलतो, आणि नोंद बिघडते.

त्या अंधाऱ्या खोलीतलं यंत्र डोळ्यांपुढे आणू. धाग्याला टांगलेला छोटा चुंबक, त्यावर आरसा. दिव्याचा बारीक झोत आरशावर पडतो, परावर्तित होतो आणि भिंग ओलांडून एका नळकांड्यावर ठिपका बनून उतरतो. नळकांड्यावर प्रकाशाला संवेदनशील कागद गुंडाळलेला. घड्याळाच्या यंत्रावर नळकांडं दिवसभरात एक फेरी घेतं. चुंबक स्वस्थ असेल तर सरळ रेघ, चाळवला तर लाट. क्षेत्राची दिशा, क्षैतिज जोर आणि उभा जोर, अशा तीन रेघा. रोज ठरल्या वेळी अंधारातच कागद बदलायचा, जुना धुवायचा, वाळवायचा. मग काचेची मोजपट्टी रेघेवर ठेवून तासातासाची किंमत काढायची. दिवसाचे चोवीस आकडे, तीन रेघांचे बहात्तर, वर्षाचे सव्वीस हजारांवर. यातला प्रत्येक आकडा कुणीतरी डोळ्याला भिंग लावून वाचला आणि लिहिला आहे.

दोन वर्षं, दोन ठिकाणं

अलिबागची यंत्रं १९०४ मध्ये सुरू झाली, पण कुलाब्याची लगेच बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंद चालली.

प्रत्येक जागेचं चुंबकीय क्षेत्र तिथल्या खडकांमुळे थोडं वेगळं असतं. कुलाब्याचा शेवटचा आकडा आणि अलिबागचा पहिला आकडा यांत फरक पडला, तर तो जागेचा की पृथ्वीचं क्षेत्रच बदलल्याचा, हे कसं कळावं? एकाच क्षणी दोन्हीकडे मोजलं तरच जागेचा फरक हाती येतो, आणि ऋतूंचा, दिवसरात्रीचा, वादळांचा परिणाम पारखायला दोन वर्षं लागतात. या दोन वर्षांनी १८४० च्या दशकातली नोंद आणि आजची नोंद एकाच दोरीत ओवली गेली. ती जोड नसती, तर आपल्याकडे दोन वेगळ्या वेधशाळांचे दोन तुकडे उरले असते.

मुंबईत विजेची ट्रॅम धावली ७ मे १९०७ रोजी. तोवर वेधशाळेने आपलं बिऱ्हाड नीट हलवलं होतं.

मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या मुंबईच्या नोंदी संकलित केल्या. १९१० मध्ये त्या दोन भागांत छापून निघाल्या : एकात आकडे, दुसऱ्यात त्यांची चर्चा. चुंबकीय वादळांवर पुढे काम करणाऱ्या जगभरच्या संशोधकांना ही शिदोरी मिळाली.

खात्यापासून संस्थेपर्यंत

हवामान खात्याच्या छत्राखाली ‘कुलाबा आणि अलिबाग वेधशाळा’ अशी जोडनावाची संस्था दीर्घकाळ चालली. तिच्या संचालकांची नावं पाहिली की भारतीय हवामानशास्त्राचा निम्मा इतिहास समोर येतो. मूस यांच्यानंतर सुधांशुकुमार बॅनर्जी आले. पुढे ते हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले. पिशारोथ रामा पिशारोटी इथे संचालक होते आणि नंतर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

स्वातंत्र्यानंतर कामाची व्याप्ती वाढली ती आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाने, १९५७-५८ मध्ये. दक्षिणेत त्रिवेंद्रम आणि अण्णामलैनगर इथे वेधशाळा सुरू झाल्या. दक्षिणेत का? चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. त्याच्या वर, जमिनीपासून शंभरेक किलोमीटर उंचीवर, दिवसा पूर्वेकडे वाहणारा विजेचा एक अरुंद पट्टा असतो. त्याला विषुववृत्तीय विद्युतझोत म्हणतात. तो मोजायचा कसा? दक्षिणेतल्या वेधशाळेच्या नोंदीतून अलिबागची नोंद वजा करायची. अलिबाग त्या पट्ट्याच्या बाहेर आहे, पण रेखांशाने फार दूर नाही. त्यामुळे दोघांना समान असलेलं सगळं वजाबाकीत निघून जातं आणि झोताचा परिणाम तेवढा उरतो. दक्षिणेतलं तिरुनेलवेली वजा अलिबाग, ही वजाबाकी या विषयातल्या जगभरच्या शोधनिबंधांत भेटते. आपल्या गावाचं नाव असं गणिताच्या समीकरणात कायमचं जाऊन बसलेलं पाहिलं, की ऊर भरून येतो.

१९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. बी. एन. भार्गव तिचे पहिले संचालक. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाखाली ही संस्था काश्मीरपासून अंदमानपर्यंत वेधशाळा चालवते आणि अंटार्क्टिकातही नोंदी घेते. तिचं मुख्यालय कुलाब्याहून हलून नवीन पनवेलला आलं. म्हणजे वेधशाळेपाठोपाठ संस्थाही रायगडातच वस्तीला आली. अलिबाग तिचं थोरलं घर. छायाचित्राच्या कागदाची जागा आता अंकीय यंत्रांनी घेतली आहे, आकडे संगणकात उतरतात आणि जगभरच्या वेधशाळांच्या इंटरमॅग्नेट या जाळ्यात पोचतात. तरीही खांबावरची मोजणी माणूसच करतो. यंत्र चढउतार टिपतं. मूळ पातळी कुठे आहे, ते माणसाने हाताने तपासायचं असतं. म्हणून खिसे आजही रिकामे करावे लागतात.

शांततेची राखण

मार्च १९८९ मध्ये चुंबकीय वादळाने कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवली आणि साठ लाख लोक अंधारात गेले. मे २०२४ मध्ये दोन दशकांतलं सगळ्यात मोठं वादळ आलं, तेव्हा लडाखच्या हानले इथून आकाशात तांबडा प्रकाश टिपला गेला. १८५९ मध्ये सूर्य खवळला तेव्हा तारायंत्रं तेवढी बिघडली. आज आपलं पैशाचं देणंघेणं, विमानं, नौका, मोबाइल, शेतकऱ्याच्या हातातला हवामानाचा अंदाज, सगळं उपग्रहांवर आणि विजेवर टांगलेलं आहे. वादळाची खोली मोजणारी, विषुववृत्ताजवळची, दीड शतकापलीकडे हात पोचणारी नोंद आज पूर्वीपेक्षा जास्त कामाची आहे.

आणि अलिबाग आता पूर्वीसारखं अडलेलं राहिलेलं नाही. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबई उरण-पनवेलला टेकली. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. रस्ते, रेल्वे, नोकऱ्या इथल्या माणसांना हव्याच आहेत, जशी तेव्हा मुंबईला ट्रॅम हवी होती. पण लोखंडी सांगाडा उभारताना, वीजवाहिन्या टाकताना, रेल्वे आखताना, या गावात जमिनीची चुंबकीय शांतता वापरणारी एक संस्था आहे हे आराखडा करणाऱ्यांना ठाऊक असलं पाहिजे. ते त्यांच्या कानावर घालणं नगर परिषदेचं, ग्रामपंचायतींचं आणि आपलं सगळ्यांचं काम आहे.

नागाव, चौल, रेवदंडा, अलिबाग इथल्या शाळांनीही ही गोष्ट मुलांना सांगावी. केरूनानांच्या गावच्या मुलाला ठाऊक असावं, की त्याच्या गावातून निघालेल्या एका मुलाने लिहायला घेतलेली वही पुढच्या पिढ्यांनी आजपर्यंत बंद होऊ दिलेली नाही आणि ती त्याच्या घरापासून काही मैलांवर लिहिली जाते आहे.

ती वही एकदा हलवावी लागली होती. तेव्हा क्रम ठरला होता आणि तो पाळला गेला : आधी नवी जागा, मग दोन वर्षांची जोड, मग ट्रॅम. पुन्हा कधी तशी वेळ आली, तर आपल्याकडून मागणी एवढीच असावी, की क्रम तोच राहू द्या.